मंगळवारी शाळेची मॅच, बुधवारी क्लबची प्रॅक्टिस, आणि गुडघा तोच
वाचकांचे प्रश्न

या वेळी तीन पत्रं एकाच विषयावर आली, तीन वेगळ्या ठिकाणांहून, त्यातलं एक तर थेट साताऱ्याहून. विषय अमेरिकेतला शाळेचा व्हॉलीबॉल आणि क्लबचा, म्हणजे पैसे भरून खेळायच्या बाहेरच्या टीमचा व्हॉलीबॉल, आणि त्यात सापडलेली आपली मुलं. माझी मुलगी आणि मुलगा दोघंही या चक्रातून गेलेत, कितीतरी शनिवार-रविवार मी कन्व्हेन्शन सेंटरच्या सिमेंटवर घडीची खुर्ची टाकून काढलेत, त्यामुळे उत्तर लांबलं तर समजून घ्या.

प्रश्न: ताई, आम्ही डॅलसजवळ फ्रिस्कोला राहतो. मुलगी दहावीत आहे, सेटर आहे (स्मॅश मारणाऱ्यांना बॉल उचलून देणारी), यंदा पहिल्यांदाच व्हर्सिटी, म्हणजे शाळेच्या मुख्य टीममधे आली. क्लबचं सिलेक्शन जुलैतच झालं, तेव्हाच कमिटमेंटवर सही केली, डिपॉझिट भरलं. आम्हाला वाटलं क्लबचं खरं काम शाळेचा सीझन संपल्यावर सुरू होईल, पण सप्टेंबरपासून दर बुधवारी आणि रविवारी फॉल ट्रेनिंग, म्हणजे थंडीच्या आधीच्या महिन्यांतलं ट्रेनिंग लावलंय. शाळेच्या मॅचेस मंगळवारी आणि शुक्रवारी, बाकी दिवस शाळेची प्रॅक्टिस. शाळेच्या कोच म्हणतात सीझनमधे तू आमची, क्लबचे कोच म्हणतात नाही आलीस तर जानेवारीत पहिली सेटर कोण हे मी आत्ताच सांगू शकत नाही. परवा गाडीत बसल्या बसल्या रडायला लागली, म्हणाली दोघंही माझ्यावरच चिडतात. गुडघा दुखतोय असं दोन आठवडे म्हणतीये. मिस्टरांचं म्हणणं कॉलेजचे कोच क्लबमधेच बघतात तर शाळेची टीम सोडून दे. नवरात्रात भोंडल्याला सुद्धा गेली नाही, झोपून राहिली. आम्ही नाही कुणाला म्हणायचं?
— एक आई, फ्रिस्को

उत्तर: आधी गुडघा. बाकी सगळं नंतर. दोन आठवडे दुखतोय म्हणजे तो दुखणं सांगून झालाय, आता आपण ऐकायचं बाकी आहे. व्हॉलीबॉलच्या मुलामुलींना वाटीच्या बरोब्बर खाली दुखतं त्याला जंपर्स नी म्हणतात, सतत उड्या मारून तिथला टेंडन दुखावतो. सुरुवातीला खेळून झाल्यावर दुखतं, मग खेळताना दुखतं, मग जिना उतरताना सुद्धा. तिला विचारा ती यातल्या कुठल्या पायरीवर आहे, आणि या आठवड्यात स्पोर्ट्स मेडिसिनच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घ्या. बर्फ लावून आणि नीपॅड बदलून हे जात नाही, उड्या कमी झाल्या तरच जातं.

आता तिच्या आठवड्याचा हिशेब मांडून बघा. टेक्सासमधे शाळांच्या खेळाचं काम यूआयएल बघते, आणि त्यांचा नियम आहे की शाळेच्या आठवड्यात शाळेच्या वेळेबाहेर एका खेळाची प्रॅक्टिस आठ तासांपेक्षा जास्त घ्यायची नाही. चांगला नियम आहे, मुलांच्या अभ्यासासाठी आणि शरीरासाठीच केलेला आहे. पण त्या आठ तासांत मॅचेस धरत नाहीत, शाळेच्या वेळेतला अथलेटिक्सचा पिरियड धरत नाहीत, आणि क्लब तर मुळीच नाही कारण क्लबचा यूआयएलशी संबंधच नाही. म्हणजे शाळेच्या कोच त्यांच्या मर्यादेत आहेत, क्लबचे कोच म्हणणार मी तर आठवड्यात फक्त दोनदा बोलावतो, दोघंही खोटं बोलत नाहीत, पण दोन्हीची बेरीज कुणाच्याच वहीत नाही. ती बेरीज घरातच करावी लागते. फ्रिजवर एक कागद लावा, सोमवार ते रविवार, आणि ज्या दिवशी ती उडी मारते त्या दिवसावर फुली मारा. तुमच्या पत्रावरून मला सातच्या सहा, कधी सातही फुल्या दिसतायत. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पिडिअॅट्रिक्सचे बालरोगतज्ज्ञ सांगतात की आठवड्यातून निदान एक-दोन दिवस त्या खेळाला पूर्ण सुट्टी हवी आणि वर्षातून एकूण तीन महिने, तेही महिन्या-महिन्याच्या तुकड्यांनी घेतले तरी चालतील. तुमच्या मुलीला सध्या यातलं काहीच मिळत नाहीये.

आता तुमच्या मिस्टरांचं म्हणणं. ते चुकीचं नाही, अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धंच मला महत्त्वाचं वाटतं. कॉलेजचे कोच मुलींना क्लबच्या टूर्नामेंटमधेच जास्त बघतात हे खरं. का, तर कॉलेजच्या मुलींचा सीझन सुद्धा फॉलमधेच असतो, ऑगस्ट ते डिसेंबर ते स्वतःच्या टीममधे अडकलेले असतात, त्यांना एखाद्या शाळेच्या जिममधे मंगळवारी संध्याकाळी येऊन बसायला वेळ कुठून मिळणार. जानेवारीनंतर ते मोकळे होतात, आणि क्लबच्या टूर्नामेंटमधे एका छपराखाली शेकडो टीम्स खेळत असतात, म्हणून ते तिथे येतात. पण मग हाच मुद्दा उलटा लावून बघा ना. ऑक्टोबरमधल्या बुधवारच्या क्लब ट्रेनिंगला बघायला कोण येणार आहे? कुणीच नाही. जे कोच यायचे ते आपापल्या कॉलेजच्या मॅचला आहेत. म्हणजे ज्या गोष्टीसाठी तुम्ही शाळेची टीम सोडायचं म्हणताय ती गोष्ट त्या बुधवारी घडतच नाहीये. क्लबच्या नॅशनल क्वालिफायर, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेसाठी पात्र ठरवणाऱ्या टूर्नामेंट, फेब्रुवारी ते एप्रिल, आणि ती राष्ट्रीय स्पर्धा, नॅशनल्स, जूनच्या शेवटी. डिव्हिजन वनचे, म्हणजे कॉलेजच्या खेळातल्या सगळ्यात वरच्या पातळीचे कोच दहावीच्या मुलीशी थेट बोलूच शकत नाहीत, दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपासून त्यांना तशी परवानगी आहे. तुमच्या मुलीला तोपर्यंत आठ महिने आहेत आणि त्या आठ महिन्यांत सगळ्यात उपयोगी पडणारी वस्तू म्हणजे न दुखणारा गुडघा.

आणि हेही सांगते, अमेरिकेत साडेचार लाखांहून जास्त मुली शाळेकडून व्हॉलीबॉल खेळतात आणि डिव्हिजन वनच्या टीम्स साडेतीनशेच्या आसपास. तिथपर्यंत जाणाऱ्या थोड्या. पण दहावीत व्हर्सिटीची सेटर म्हणून आपल्या शाळेच्या जिममधे उभं राहणं, वर्गातली मुलं-मुली तोंड रंगवून ओरडायला आलेली, घोषणा करणाऱ्याने आपलं आडनाव पहिल्यांदाच नीट उच्चारलेलं, हे तिला आत्ता मिळतंय. क्लबच्या हॉलमधे टाळ्या वाजवायला फक्त आईवडील असतात. शाळेची टीम सोडू नका. मी इतक्या स्पष्टपणे क्वचितच कुणाला सांगते.

शाळेचा सीझन आणि क्लबचा सीझन वेगवेगळ्या वेळी असणं ही आपोआप मिळालेली गोष्ट नाही हेही मिस्टरांना सांगा. मिशिगनमधे मुलींचा शालेय व्हॉलीबॉल कित्येक वर्षं थंडीत व्हायचा, बाकी जवळजवळ सगळ्या देशात फॉलमधे. त्यामुळे मिशिगनच्या मुलींच्या शाळेच्या मॅचेस आणि क्लबचा सीझन एकमेकांवर आदळायचा, आणि कॉलेजच्या कोचेसना दिसण्याची संधी हातची जायची. कम्युनिटीज फॉर इक्विटी नावाच्या पालकांच्या गटाने १९९८ मधे फेडरल कोर्टात राज्याच्या हायस्कूल क्रीडा संघटनेवर केस केली, गैरसोयीचे सीझन मुलींच्याच वाट्याला का हा त्यांचा प्रश्न होता. २००१ मधे निकाल मुलींच्या बाजूने लागला, अपिलं चालत राहिली, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन आलं, शेवटी २००७ मधे सुप्रीम कोर्टाने पुढे ऐकायला नकार दिला आणि २००७-०८ च्या शालेय वर्षापासून व्हॉलीबॉल फॉलमधे आला, मुलींचा बास्केटबॉल थंडीत गेला. नऊ वर्षं. ज्या मुलींसाठी सुरू केलं त्या तोवर कॉलेजही संपवून बसल्या असतील. इतकी वर्षं भांडून जो फॉल मुलींना मोकळा मिळाला त्यात आता क्लबची फॉल ट्रेनिंगं शिरतायत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता करायचं काय. क्लबचा जो कागद जुलैत सही केला तो काढा आणि पूर्ण वाचा. मी पाहिलेल्या बऱ्याच कागदांवर फॉल ट्रेनिंग ऐच्छिक असं लिहिलेलं असतं आणि तोंडी मात्र आलंच पाहिजे म्हणतात. तसं असेल तर अर्धं काम झालं. मग क्लबच्या कोचना निरोप जायला हवा, आणि तो तुम्ही नाही, तिने पाठवायचा. आपल्याकडे मोठ्यांशी मोठ्यांनीच बोलायचं अशी सवय असते पण इथले कोच मुलीनेच बोलावं अशी अपेक्षा धरतात आणि तिने बोललं की तिला मान देतात. तुम्ही तिच्या शेजारी बसा, शब्द तिचे असू द्या. काहीसं असं: कोच, माझा गुडघा दुखतोय, डॉक्टरांनी उड्या कमी करायला सांगितलंय. शाळेचा सीझन संपेपर्यंत मी बुधवारी येणार नाही. रविवारी येईन, सेटिंगचं हातांचं काम जमिनीवर उभं राहून करेन, उडी मारणार नाही. सीझन संपल्यावर एक आठवडा विश्रांती घेऊन पहिल्या प्रॅक्टिसपासून पूर्ण येईन. बस, एवढंच. माफी मागायची नाही, कारणांची यादी द्यायची नाही.

शाळेच्या कोचनाही गुडघ्याचं सांगाच, क्लबपासून लपवलं नाही तसं त्यांच्यापासूनही लपवायचं नाही. मॅचच्या आदल्या दिवशी तिच्या उड्या कमी करता येतील का हे विचारता येतं, बरेच कोच ऐकतात. आणि रविवारही जड जातोय असं दिसलं तर रविवारही बंद करा, एक दिवस पूर्ण रिकामा पाहिजेच. यात पोरीने दोन कोचच्या मधे निरोप्या व्हायचं नाही. तू त्यांना सांग, त्या तुला काय म्हणाल्या, हे चाललं की मूल रडतंच. दोघांना एकमेकांचे फोन नंबर द्या.

क्लबच्या कोचनी जानेवारीत तिला दुसरी सेटर केलं तर? होऊ शकतं. मी खोटा दिलासा देत नाही. पण दुसऱ्या सेटरची पहिली सेटर होता येतं, दुखऱ्या गुडघ्यावर सेटर राहता येत नाही.

हे मी इतकं ठासून का सांगतीये तर माझी मुलगी अकरावीत असताना प्लेऑफच्या, म्हणजे सीझनच्या शेवटच्या बाद फेरीच्या आठवड्यात तिच्या क्लबच्या ट्रायआउट, म्हणजे निवड चाचण्या होत्या. गुरुवारी शाळेची मॅच जिंकली, शनिवारी सकाळी शाळेची प्रॅक्टिस, आणि संध्याकाळी मी स्वतः गाडी चालवत तिला ट्रायआउटला नेलं, तिने वाटेत दोनदा सांगितलं आई पाय जड झालेत, मी म्हटलं दोन तासांचा प्रश्न आहे. शेवटच्या वीस मिनिटांत ब्लॉक करून खाली आली ती दुसऱ्या मुलीच्या पायावर. घोटा. मंगळवारची मॅच तिने पायात दुखापतीसाठीचा मेडिकल बूट घालून बेंचवरून बघितली आणि शाळा हरली. क्लबने तिला घेतलं, बूट घातलेला असताना सुद्धा घेतलं, कारण त्यांनी तिला आधीच्या वर्षी पाहिलेलं होतं. म्हणजे त्या शनिवारी जायची गरजच नव्हती. आजही ती त्याबद्दल बोलत नाही, मीच बोलते.

प्रश्न: शिकागोच्या बाहेर, नेपरव्हिलला राहतो. मुलगा अकरावीत, शाळेच्या टीममधे आउटसाइड हिटर. मुलांचा शाळेचा सीझन स्प्रिंगमधे. क्लबचे कोच म्हणतात की एप्रिलमधे एका वीकेंडला बाहेरच्या राज्यात टूर्नामेंट आहे, खेळाडू कमी पडतायत, दोन दिवस येऊन जा, कुणाला कळणार नाही. मुलगा जायचं म्हणतोय. त्याच शनिवारी शाळेची मॅच नाहीये. पाठवू का? मी स्वतः वाळव्याकडचा, गावच्या टीमकडून खेळलेला, आम्ही तर जत्रेत ज्या गावाने बोलावलं त्यांच्याकडून खेळायचो.
— एक बाबा

उत्तर: नाही. पाठवू नका.

इलिनॉयच्या शाळांची संघटना आयएचएसए, तिचा नियम सरळ आहे: शाळेच्या टीमकडून सीझन चालू असताना त्याच खेळात बाहेरच्या टीमकडून खेळायचं नाही. त्या दिवशी शाळेची मॅच आहे की नाही याचा संबंध नाही. खेळला तर त्याची पात्रता जाऊ शकते, आणि तो अपात्र असताना ज्या मॅचेस शाळेने जिंकल्या त्या सोडून द्यायची वेळ येऊ शकते, म्हणजे शिक्षा त्याच्या एकट्याला नाही तर बाकीच्या सगळ्या पोरांना. कॅलिफोर्नियातही तिथल्या शाळांच्या संघटनेचा, सीआयएफचा, ६०० नंबरचा असाच नियम आहे. कुणाला कळणार नाही म्हणणाऱ्या कोचना विचारा, मग टूर्नामेंटचे स्कोअर आणि फोटो ऑनलाइन येतात त्याचं काय. आणि कळलं नाही तरी सतरा वर्षांच्या मुलाला लपवायला शिकवणाऱ्या माणसाकडे आपण फी भरून मूल पाठवतोय, हा विचार एकदा शांतपणे करा.

तुमची जत्रेची आठवण वाचून मला बरं वाटलं. माझा भाऊ असाच खेळायचा, सायकलवर डबल सीट दोन गावं ओलांडून. तिथे वर्षभर एकच नेट आणि एकच मैदान, सीझन हा शब्दच नव्हता, म्हणून आपल्या पिढीला हे नियम अंगावर येतात. इथे मुलांचं कॅलेंडर मुलींपेक्षा वेगळं आहे, कॉलेजच्या पुरुषांचा सीझनच मुळात जानेवारी ते मे असतो. म्हणून तुमच्याकडचे बहुतेक मुलांचे क्लब थंडीत खेळतात, मार्च ते मे शाळेसाठी थांबतात, आणि जूनमधे परत जमून नॅशनल्सला जातात. चांगला क्लब स्वतःहून थांबतो. जूनमधे तुमचा मुलगा ताजातवाना असेल. आणि या विषयात काहीही शंका आली तर क्लबला नाही, शाळेच्या अथलेटिक डायरेक्टरला ईमेल करायची आणि उत्तर लेखी घ्यायचं.

प्रश्न: माझी नात न्यूजर्सीला असते, नववीत. आधी दरवर्षी सहा आठवडे यायची. गेल्या वर्षी दहा दिवस आली, यंदा मुलगा म्हणतो जमेल असं वाटत नाही, तिचा व्हॉलीबॉल आहे. दिवाळीत तिची शाळेची मॅच, जूनमधे क्लबची मॅच, ऑगस्टमधे परत शाळेची निवड. एकाच खेळाच्या दोन-दोन टीम कशाला लागतात मला कळत नाही. मी रागावले तर चुकेल का? माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे.
— एक आजी, सातारा

उत्तर: आजी, रागावू नका असं मी म्हणणार नाही, वाट बघणाऱ्या माणसाला राग येतोच. पण राग नातीवर नको, तिच्या हातात यातलं फार थोडं आहे.

दोन टीम का, तर शाळेची टीम म्हणजे तिच्या गावची टीम समजा, ऑगस्ट ते नोव्हेंबर. क्लब म्हणजे तालमीसारखा, पैसे भरून, बाहेरच्या वस्तादाकडे, थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत. कुठलीही एकच केली तर ती खेळात मागे पडेल अशी भीती मुलांना वाटते, आणि ती भीती अगदीच खोटी नाही.

पण तुमच्यासाठी मला या कॅलेंडरमधे एक मोकळी जागा दिसतीये. न्यूजर्सीच्या शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास सुटतात. क्लबच्या मोठ्या स्पर्धा जूनच्या शेवटी नाहीतर जुलैच्या पहिल्या आठवड्यात संपतात. शाळेची निवड ऑगस्टात. मधला जुलै महिना रिकामा असतो, आणि क्लब मात्र तिथे कॅम्प लावतात आणि आईवडील भीतीने पैसे भरतात. वर फ्रिस्कोच्या आईला मी डॉक्टरांचं सांगितलंय, एकेक महिना खेळाला पूर्ण सुट्टी हवी. तो महिना तिने तुमच्याकडे काढावा. मुलाला असंच सांगा, की आजीला भेटायला नको येऊस, पोरीच्या गुडघ्यांना विश्रांती द्यायला ये, इथे बॉल नाही, जिम नाही, पाऊस आहे. माझी मुलं दोन जुलै अशीच आजोळी राहिली, गरम भजी आणि झोप, आणि ऑगस्टात परत गेल्यावर कोचने विचारलं की हिने उन्हाळ्यात वेगळं काय केलं.

दिवाळीचं मात्र सोडून द्या. दिवाळी आणि प्लेऑफ एकाच सुमाराला येतात, तिथे काही होणार नाही. त्या दिवशी तिला मॅचनंतर फोन करा, तुमच्याकडे सकाळ असेल, किती सेट झाले ते विचारा.

तिकिटं महाग व्हायच्या आत हे ठरायला हवं. नॅशनल्सच्या तारखा बऱ्याच महिने आधी कळतात, जानेवारीत मुलाला नाही, नातीलाच फोन करून विचारा. तिला सगळ्या पाठ असतात.